उन्हाला लावलेला चुना

ठाणाकुशनूरच्या विजयश्रीचं घर पत्र्याचं. एप्रिलात ऊन चढलं की शिलाई मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसायचा. ऐन लग्नसराईत ब्लाऊज अर्धवट टाकून ती सासूबरोबर बाहेर लिंबाखाली जाऊन बसायची.

तिचा नवरा राजपाल बिदरजवळ कोळारला एका गोदामात कामाला होता. एका शनिवारी तो चुन्याचं पोतं घेऊनच घरी आला.

"गोदामाच्या पत्र्याला पांढरा रंग दिलाय. आत पाऊल टाकलं की गार लागतंय बघ! आपल्याबी घराला करू."

"नुसत्या रंगानं काय होतंय?" सासू कोंडाबाई म्हणाली. "माझ्या माहेरी पत्र्याखाली तुरीच्या तुराट्या विणून ताटवा बांधायचे, त्याला खालच्या अंगानं माती लिंपायचे. तसं करा."

"दोन्हीबी करू!" विजयश्री उठलीच.

सकाळी राजपाल शिडीनं वर चढून डिंक घातलेला चुना पत्र्यावर ओढायला लागला. शेजारची शिवम्मा ओरडली, "अगं, नवरा स्वतःच्याच घराला चुना लावायलाय की!"

गल्ली हसली. विजयश्री खालून म्हणाली, "लावू द्या अक्का! ऊन फसलं पाहिजे!"

मग सासू-सुनेनं ताटवा बांधला. पत्रा आणि ताटव्यामधे हवा खेळायला जागा ठेवली, ती गरम हवा बाहेर जावी म्हणून राजपालनं भिंतीच्या वरच्या अंगाला दोन झरोके फोडले. लिंपताना चिखलाचा गोळा कोंडाबाईच्या डोक्यावर पडला. ती रागावेल म्हणून दोघांनी हसू दाबलं, तर तीच आधी हसत सुटली.

माती वाळली, तोवर राजपाल कोळारला कामावर परतला होता. त्या दुपारी विजयश्री धाकधुकीतच मशीनवर बसली. ऊन डोक्यावर आलं. तिनं चाकाला बोट लावलं, मग अख्खा तळवा.

"आत्या, चटका न्हाई! खरंच न्हाई!" तिनं सासूला हाक मारून सांगितलं.

मशीन धडधडायला लागलं. आवाज ऐकून शिवम्मा धावत आली. "ह्या उन्हात कामून शिवायलीस गं?" आत आली आणि मधेच थबकली. वर ताटव्याकडं बघितलं, भुईवर बसली, मग सरळ पाय पसरून आडवीच झाली.

"मी आता उठत न्हाई बघ!"

तेवढ्यात राजपालचा फोन आला. "काय झालं? गार हाय का?" विजयश्रीनं फोन मशीनजवळ धरला आणि मशीनचं पायडल जोरात मारलं.

"मशीन चालायलंय व्हय!" तिकडून राजपाल ओरडला.

संध्याकाळी शिवम्मा शिडी मागायला आली.