मुक्तिदिनाची दोरी

औशाजवळच्या आमच्या गावाची सरपंच मी, सिंधु. पण गावात कुणालाबी विचारा, सरपंच म्हंजे आमचे मालक, शेषेराव! सह्या माझ्या, खुर्ची त्यांची. दर सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाचा झेंडा तेच फडकवायचे अन् मी बायांच्या रांगेत टाळ्या वाजवायची. आता माझी मुदत संपत आली. या वर्षी न्हाई तर कधीच न्हाई!

म्हणून पहाटंच शाळेत जाऊन फुलं घालून झेंडा मीच बांधला.

शाळेच्या दीपमाला बाईंनी भाषण केलं. देश स्वतंत्र झाला तरी मराठवाडा वर्षभर निजामाच्याच ताब्यात होता, म्हणाल्या. मी मनात म्हणलं, अहो बाई, निजाम गेला, पण आमच्या घरात त्याचं एक ठाणं अजून हाय की!

“आता सरपंच ध्वजारोहण करतील,” बाई म्हणाल्या. मालक कडक इस्त्रीत पुढं निघाले. मीबी निघाले. दोरीवर दोघांचे हात!

“अगं, लोक बघायलेत,” ते ओठातल्या ओठात म्हणाले.

“बघू द्या की. सोडा.”

“तुला जमंल का?”

“गाठ मीच बांधलीय. तुम्हालाच सुटायची न्हाई.”

त्यांनी हात काढला. मी दिला हिसका! फुलं उधळली, तिरंगा फडफडला, अन् बायांच्या रांगेतून असा गलका उठला की काय सांगू! राष्ट्रगीत मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणलं. लई आनंद झाला, लई!

चहाच्या वेळी म्हाताऱ्या लक्ष्मम्मा आल्या. “सरपंच, आमच्या गल्लीत कवापून पानी न्हाई.”

“उद्या बघतो,” मालक म्हणाले.

“तुम्हाला कोन इचारलं? मी सरपंचाला बोलायले.”

बाई गं! एवढ्या वर्षांत सरपंच म्हणून मला कुणी पहिल्यांदाच काम सांगितलं. अन् गल्लीचं पाणी सोडायच्या टाकीच्या वॉलची चावी तर मालकांच्या खिशात! झेंड्याच्या वेळी वाटली न्हाई तेवढी भीती आता वाटली. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघायल्या.

मी हात पुढं केला. “चावी द्या.”

मालकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग खिशात हात घातला अन् चावी माझ्या हातावर ठेवली.

“चला लक्ष्मम्मा,” मी म्हणले, “पाणी सोडू.”