प्रवरेची ओवी

दिपोटी साहेब कोल्हारची शाळा तपासायला आले आणि शांतवन मास्तर धास्तावले. प्रवराकाठची गावं त्यांनी पोरांना जात्यावरच्या ओवीच्या चालीत शिकवली होती.

साहेबांनी साराला उभं केलं. "बेलापूरनंतर कोणतं गाव? गाऊ नकोस, नुसतं सांग."

झालं! ओवी कधी मधूनच सुरू होते का? सारा नदीच्या उगमापासून, रतनगडापासून पुटपुटू लागली.

"पुरे!" साहेब कडाडले. "मास्तर, तुम्ही सांगा."

मास्तरांनी तोंड उघडलं. उभा जन्म याच नदीकाठी गेलेला, पण गावाचं नाव काही केल्या आठवेना. पोरं टकामका बघू लागली. शेवटी मास्तरांनी डोळे मिटले आणि रतनगडापासून सूर धरला.