कडुनिंबाची साल पांघरलेला खांब

मी झाड बोलतोय. तुम्ही मला झाडच म्हणता, म्हणून मीही तसंच म्हटलं. सोलापुरात विजापूर रस्त्यावरच्या ‘वनछाया’ हॉटेलात शिरलात की बरोबर समोर मी उभा असतो. माझ्या बुंध्याला रेलून तुम्ही फोटो काढता आणि खाली लिहिता, ‘निसर्गाच्या कुशीत’. माझ्या पोटात सिमेंटचा खांब आहे. तो काढला तर वरचा मजला खाली येईल. तो कुणाला दिसू नये, एवढ्याचसाठी मला जन्माला घातलं.

याची मला लाज वाटत नाही. मला जे टोचतं ते वेगळंच आहे, आणि ते समोरच्या काचेतून रोज दिसतं. काचेपलीकडे अंगणात एक कडुनिंब आहे. वाकडा, अंगावर गाठी, एका बाजूची फांदी कधीकाळी मोडलेली. त्याचा मला हेवा वाटतो. हे मी सरळ कबूल करतो. माणसं हेवा करतात आणि त्याला तत्त्वाचा प्रश्न म्हणतात, तसलं मला जमत नाही.

इथे आधी पत्र्याची खानावळ होती. रुद्रप्पा नावाच्या माणसाने काढलेली. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादी भाजी, झालं जेवण. रुद्रप्पा गल्ल्यावर बसायचे आणि त्यांची बायको गंगम्मा बाहेर कडुनिंबाखाली चुलीवर भाकऱ्या थापायची. पस्तीस वर्षं तिची जागा बदलली नाही. रुद्रप्पा गेले, तरीही नाही.

मग मुलाने, अमरेशने, पत्रे उतरवून इमारत बांधली आणि पुण्यात शिकून आलेल्या संस्कृती मॅडमना आतली सजावट करायला बोलावलं. त्यांनी सांगितलं की, माणसाचं निसर्गातल्या आकारांशी फार जुनं नातं असतं, असे आकार भोवती असले की माणूस निवांत बसतो आणि चार घास जास्त खातो. अमरेशला शेवटचं वाक्य पटलं. छताला मधाच्या पोळ्याची षटकोनी घरं आली. सुगरणीच्या खोप्यांसारखे दिवे लोंबू लागले. एक भिंत उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानासारखी केली. मंगळवेढ्याहून आलेला एक शेतकरी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “आमच्याकडं ह्ये फुकट दावतो की.”

उरला तो मधला खांब. त्याचं झाड करायचं ठरलं.

मला घडवलं जोतिरामने. गणपतीत देखावे करणारा कारागीर. डोंगर, गुहा, वाघाचा जबडा, सगळं हाताने करणारा माणूस. मॅडमनी त्याला जुन्या झाडासारखी साल करायला सांगितली. तो बाहेर गेला, कडुनिंबावरून हात फिरवून आत आला आणि म्हणाला, “मॅडम, तसली साल माज्याच्यानं व्हायची न्हाय. त्याचीच उतरवून घ्यावी लागंल.”

बघा, जन्माच्या आधीच मला कमीपणा आला. दोन दिवस त्याने कडुनिंबाच्या बुंध्याला रबराचा लेप दिला, वाळल्यावर सोलून काढला आणि त्या साच्यात माझं फायबरचं अंग ओतलं. त्याच्या भेगा त्या माझ्या भेगा. त्याच्या गाठी त्या माझ्या गाठी. कडुनिंबाची पानं मात्र बाजारात मिळाली नाहीत, म्हणून खोक्यांतून कसलीशी रुंद, तकतकीत पानं आली. ती कुठल्या झाडाची, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि विचारलेलंही नाही.

तरी माझं काही वाईट चाललं नव्हतं. थंड हवा, पानापानांत दिवे, रोज सकाळी ओल्या फडक्याने अंग पुसलं जायचं. कडुनिंबाच्या अंगावर पाखरांची शीट, चैत्रात पांढऱ्या फुलांचा आणि पुढे निंबोळ्यांचा चिखल. मग लोकांनी माझ्याकडेच बघायला नको का? बघायचेही. पण गाडी लावताना माणूस आधी त्याची सावली कुठवर आली आहे ते बघायचा. सावली सरकली की जेवण अर्धं टाकून उठायचा, स्कूटर चार हात पुढे घ्यायचा आणि हात धुऊन परत पानावर बसायचा. माझ्यासाठी कुणी घास सोडून उठलेलं मी पाहिलं नाही.

त्यामुळे अमरेशने कडुनिंब काढायचं ठरवलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. झाडाने पाटी झाकली जाते, काचेचा दर्शनी भाग रस्त्यावरून दिसत नाही, पाखरं गाड्या घाण करतात, असं त्याचं म्हणणं. म्हणजे आतल्या नकली झाडाची शोभा बाहेरून दिसावी म्हणून बाहेरचं खरं झाड तोडायचं. यात काही चुकतंय असं त्या इमारतीत कुणालाही वाटलं नाही. मला तर नाहीच नाही. अर्ज तयार झाला. त्यात लिहिलं होतं, ‘आवारातील वृक्ष धोकादायक झाला आहे.’

अडचण एकच होती. जागा गंगम्माच्या नावावर होती, सही तिची लागणार होती.

अमरेशने माझ्या बुंध्याशीच आईला बसवून तो अर्ज वाचून दाखवला. आता बाहेर उन्हात बसायचं कारण नाही, या झाडाखाली गॅसची शेगडी देतो, गिऱ्हाइकांसमोर भाकरी थापायची, लोक कौतुकाने बघतील, असं बरंच सांगितलं. गंगम्माने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे मान वर करून बघितलं.

“ह्ये झाड हाय म्हणतोस?”

“झाडच आहे की अव्वा.”

“मग आठ दिस बसते हितं. रोजची पयली भाकरी झाडाच्या बुडाला ठेवायची आपली रीत हाय. खार येती, कावळा येतो, मुंगी येती, कुणी न्हाय कुणी खातंच. तुज्या झाडाखालची भाकरी बी सांजपतुर कुणीतरी खाल्ली पायजे. आठी दिस. मग आण तुजा कागद.”

अमरेश लगेच हो म्हणाला. मीही म्हणालो, मनात.

पहिल्या दिवशी ती आली, पीठ मळायची लाकडी काटवट मांडली, पदर खोचला आणि बसण्याआधी माझ्या बुंध्यावरून हात फिरवला. मी सुखावलो. एवढ्या वर्षांचा, पिठाने मऊ झालेला हात. तो वर वर गेला आणि एका उंचवट्याशी थांबला. रुद्रप्पा टोपी अडकवायचे तो खिळा. कडुनिंबात ठोकलेला तो खिळा साच्यात उतरला होता आणि माझ्या अंगावर फायबरचा एक टेंगूळ होऊन राहिला होता. ती त्या टेंगळाला बोटाने चाचपत राहिली.

“ह्यांचा खिळा,” एवढंच म्हणाली. मग वळून काचेतून बाहेर बघितलं.

मला पहिल्यांदाच कुणी मायेने हात लावला होता, आणि तो हातसुद्धा त्याच्यासाठीच होता.

तिने पहिली भाकरी मोडून माझ्या बुडाशी ठेवली. स्वच्छ फरशीवर ती पांढरीशुभ्र भाकरी पडून राहिली. दुपारी दोन वाजले, चार वाजले. मुंगीसुद्धा फिरकली नाही, कारण दर पंधरा दिवसांनी इथे औषध मारून जातात. सहाच्या सुमाराला गंगम्मा हात धुवायला मागे गेली, तेवढ्यात रावजी नावाच्या वेटरने ती भाकरी उचलून ॲप्रनच्या खिशात घातली आणि फरशीवर चार कण शिंपडले. ती युक्ती अमरेशची. कण शिंपडायची अक्कल रावजीची स्वतःची.

गंगम्मा परत आली, वाकून बघितलं आणि काटवट आवरायला लागली.

पुढचे दिवस असेच गेले. शेगडीच्या धगीने माझी खालची पानं आक्रसली, जोतिराम येऊन ती कात्रीने कापून गेला. एका बाईने तक्रार केली की भाकरीला जळक्या प्लास्टिकचा वास येतोय. अमरेशने पंखा लावला. पंख्याने पीठ उडालं. गंगम्मा घामाने भिजून थापत राहिली, कारण तव्याजवळ थंड हवा पोचतच नव्हती. बाहेर कडुनिंबाखाली तिची जुनी चूल मोकळी होती आणि तिच्यापाशी खारी हिंडत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. रोजच्या वेळेला येऊन रोजच्या जागी शोधायच्या आणि जायच्या.

मी दिवस मोजत होतो. पाच झाले, सहा झाले. रावजी रोज सहा वाजता भाकरी उचलायचा आणि मी गप्प. खोटेपणा डोळ्यांदेखत चाललेला असताना गप्प बसणाऱ्यांना नंतर सांगायला खूप कारणं असतात. मला तोंड नव्हतं, हे माझं कारण. पण तोंड असतं तरी मी बोललो नसतो. तो कडुनिंब तोडला जावा, असं मला हवं होतं.

आठवा दिवस रविवार. रात्रीच्या जेवणाला हॉटेल गच्च. अकलूजहून एक कुटुंब साखरपुड्याची खरेदी करून जेवायला आलेलं, वीस-बावीस माणसं, जोडलेली टेबलं. ताटं वाढून झाली होती. अमरेश हातात पेन आणि अर्ज घेऊन आईजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, अव्वा, आठ दिवस झाले, भाकरी रोज खाल्ली गेली.

गंगम्मा हळू बोलली नाही. तव्याच्या आवाजावर बोलायची तिची जन्माची सवय.

“व्हय की रं. रोज खाल्ली. म्हंजी उंदीर झाल्यात लई.”

आधी जवळच्या टेबलावरचा घास थांबला. मग पलीकडच्या. साखरपुड्याची वरमाय पाय वर घेऊन बसली.

“अव्वा, हळू.”

“हळू काय? खार आत येत न्हाय, कावळा येत न्हाय. रोज अख्खी भाकरी संपती. मोठाच असंल. सैपाकघरात बी बघ, पिठाच्या डब्यात बी बघ.”

एक गृहस्थ ताट सरकवून उठले. एक बाई मोबाइल काढून फरशीचं चित्रीकरण करू लागली. ज्या मोबाइलने मघाशी माझे फोटो निघत होते, तोच मोबाइल आता माझ्या बुडाशी उंदीर शोधत होता. अमरेशचा चेहरा तव्यासारखा झाला. ज्याचा जन्म खानावळीत गेला त्याला एवढं सुचू नये? हॉटेलात भाकरी कुणी खाल्ली नाही तर एक झाड वाचतं, पण कुणी खाल्ली तर हॉटेल बुडतं.

“उंदीर नाहीत हो,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “आमचा रावजी रोज उचलतो ती भाकरी. मीच सांगितलंय त्याला. विचारा त्याला.”

रावजीने मान डोलावली आणि बिचाऱ्याने पुरावा म्हणून ॲप्रनच्या खिशातून भाकरीचा तुकडा काढून दाखवला.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. वरमायेने पाय खाली सोडले. गंगम्मा हसली नाही. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले आणि अर्ज मागून घेतला. तिला सावकाश का होईना, वाचता येत होतं. तिने ‘धोकादायक’ या शब्दावर पिठाचं बोट ठेवलं.

“करते सही. पण कुणाला धोका हाय, त्येचं नाव लिही आदी.”

अमरेश पेन घेऊन उभा राहिला. काय लिहिणार? पाटीला? काचेला? पाखरांची शीट पडलेल्या गाड्यांना? मला ओरडून सांगावंसं वाटलं, माझं नाव लिहा. त्या झाडापासून धोका आहे तो एकट्या मला.

त्याने काही लिहिलं नाही. गंगम्माने “साकु, लेका” म्हटलं, म्हणजे पुरे, आणि काटवट काखेत घेऊन दार ढकलून बाहेर गेली. रावजी परात घेऊन तिच्यामागे गेला. तो परत आला तेव्हा अमरेश त्याला रागावला नाही. आईचा तवा तेवढा नेऊन दे, म्हणाला.

त्याला आता वर्ष झालं. अर्ज कुठे गेला ते मला माहीत नाही. माझी कापलेली पानं पुन्हा आली नाहीत, कारण मला पानं फुटत नाहीत. आणावी लागतात, आणि ती कुणी आणली नाहीत. फोटो मात्र अजून निघतात. लोक कापलेली बाजू टाळून उभे राहतात.

आज दुपारी वीज गेली. पारा चव्वेचाळीसला. जनरेटरवर दिवे लागतात, थंड हवा लागत नाही. दहा मिनिटांत आत भट्टी झाली. सुगरणीच्या खोप्यातले दिवे जळताहेत, मधाचं पोळं डोक्यावर तापतंय, भेगाळलेल्या रानाची भिंत आता खरंच रानासारखी वाटतेय. एकेक टेबल उठलं. ताटं हातात घेऊन माणसं बाहेर गेली. रावजीने खुर्च्या नेल्या. शेवटी अमरेशही गेला, स्वतःची खुर्ची उचलून, आणि आईच्या चुलीपासून दोन हातांवर बसला. तिने न विचारता त्याच्या हातावर भाकरी ठेवली आणि वर चटणी.

सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे आहेत. कडुनिंब काही करत नाही. हलतसुद्धा नाही, वाराच नाही तर. नुसता उभा आहे. मीही उभाच आहे, मग तो असं वेगळं काय करतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही अजून आतच आहात, ऐकत थांबलात, बरं वाटलं. पण तुम्हालाही घाम सुटलाय. जा, तिथे जागा आहे. फक्त जाता जाता माझं एक काम करा. त्या काचेवरचा पडदा तेवढा खाली ओढून घ्या.