‘कीप’चे गठ्ठे

अँब्रोज पार्डोच्या जेवणाच्या टेबलावर गेली दोन वर्षे कुणी जेवले नव्हते. त्यावर ‘कीप’ हे क्रियापद मांडलेले होते. इंग्रजीच्या मोठ्या कोशाचे काम असेच घरोघर वाटलेले असे. देशभरातले हौशी वाचक पुस्तकांतली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत आणि अँब्रोजसारखा निवृत्त शाळामास्तर त्या चिठ्ठ्या अर्थाप्रमाणे लावून गठ्ठे बांधी. मेंढरे राखणे एका गठ्ठ्यात, वचन पाळणे दुसऱ्यात. दुकान चालवणे, गप्प राहणे, दूध टिकणे, सगळ्यांच्या चुली वेगळ्या. एवढ्याशा शब्दाने केवढा संसार थाटला होता! त्यापायी खिडकी उघडायला बंदी आणि झाडूला तर दारातूनच परत पाठवायचे.

“हेस्टर, वाऱ्यानं एक चिठ्ठी जरी हलली ना, तर तुलाच दोऱ्यानं बांधून कोशाच्या कचेरीत पाठवीन,” असा तो धाकट्या बहिणीला दम द्यायचा.

“पाठव की. तिथं निदान टेबलावर जेवायला तरी मिळेल.”

अलीकडे तो दम देईनासा झाला आणि हेस्टर त्याच्यावर लक्ष ठेवू लागली ती तेव्हापासून.

एका सकाळी तो बागेत असताना तिने एक ताजा गठ्ठा उचलला. काय सुरेख बांधला होता! कडेला कड जुळलेली, एक कोपरा बाहेर नाही. पूर्वी त्याचे गठ्ठे इतके देखणे कधीच नसत. तिने दोरा सोडून वाचायला सुरुवात केली. मेंढरे, मग वचन, मग दूध, मग पुन्हा मेंढरे. तिने दुसरा सोडला, तिसरा सोडला, तेच. त्याने अर्थ लावलेच नव्हते. लहान कागद लहानांत, मोठे मोठ्यांत, असे नुसते मापाने लावले होते.

जुने गठ्ठे बरोबर होते, बिघडले होते ते अलीकडचेच. पण कचेरीचे मिस्टर विन्डल लवकरच काम न्यायला येणार होते. त्यांना कळले तर काम जाईल, आणि या टेबलापाशी बसला की तो अजून अँब्रोज असायचा. टेबल रिकामे झाल्यावर त्या खुर्चीत कोण बसलेले असेल, या विचाराची तिला धास्ती बसली. मग तो बागेत गेला की ती चोरासारखी त्या चिठ्ठ्या अर्थाप्रमाणे लावत बसू लागली. इतकी वर्षे त्याची बडबड ऐकली होती, ती अशी कामी आली.

विन्डल चहाला आले. त्यांनी मधलाच एक गठ्ठा सोडला, चिठ्ठ्या चाळल्या.

“वा, मास्तर! डोळे झाकून छापायला द्यावं असं काम.” मग ते अँब्रोजकडे वळले. “आणि मूळ काय म्हणता या शब्दाचं? आला कुठून हा?”

हेस्टरच्या हातातली किटली तशीच राहिली. याचे उत्तर तिला त्याच्या वतीने देता येणार नव्हते. अँब्रोज चिठ्ठ्यांकडे, मग बंद खिडकीकडे बघत राहिला.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला. “खरंच नाही माहीत हो.”

विन्डल मांडीवर थाप मारून हसले. “आमच्याकडं तरी कुणाला माहीत आहे? सगळे पंडित नुसते भांडतायत. सरळ कबूल करणारे तुम्हीच पहिले भेटलात!”

जाताना त्यांनी सगळे गठ्ठे नेले आणि पुढच्या शब्दाचे पोते, ‘कीप’च्या पोत्याहून मोठे, मोठ्या कौतुकाने दारात ठेवले.

घोडागाडी वळणाआड जाईपर्यंत हेस्टर फाटकात उभी होती. सुटलो म्हणावे की अडकलो, तिला कळेना. ती आत आली तेव्हा अँब्रोज नव्या पोत्यातल्या दोन चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत होता. तिला पाहताच तो अदबीने उठून उभा राहिला.

“गेले का ते, बाई?” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही भल्या दिसता म्हणून सांगतो. मला यातलं काही कळत नाही. पण माझी बहीण आहे, हेस्टर. तिला एवढं कळू देऊ नका. फार घाबरेल ती.”

हेस्टरने टेबलाची कड घट्ट धरली.

“नाही कळू देणार,” ती म्हणाली आणि पोत्यातल्या चिठ्ठ्या काढायला खाली बसली.