मेजरसाहेबांचे दात

डिंक्याचं घर गेलं. आई, दोन ट्रंका आणि कपडे वाळत घालायची दोरी, सगळं फाटकाबाहेर आलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी डोळे पुसत बसायला नको. आता ते झालंच नाही असं धरून चालू. दप्तरखान्यात असंच धरून चालतात. तिथला मागचा जिना दहा वर्षांपूर्वी कोसळला, पण कागदावर तो अजून उभा आहे, आणि साहेब दर सोमवारी त्याची झाडलोट मंजूर करतात.

तर डिंक्या तिथला बाइंडर. जुन्या वह्या उसवायच्या, शिवायच्या, पुठ्ठा चढवायचा. बोटं सदा चिकट, म्हणून डिंक्या. आवाराच्या मागच्या बाजूला चार नंबरची खोली त्याला राहायला मिळालेली. आई आणि तो, बस. खोली भलतीच उंच, दार भलतंच रुंद, खिडकी थेट छपराखाली. फरशीला मधल्या गटाराकडे उतार आणि भिंतीत लोखंडी कड्या. आईनं त्या कड्यांना पिशव्या अडकवल्या होत्या. उताराबद्दल तिची तक्रार नव्हती. "बादली ओतली की फरशी आपली आपण धुऊन निघते," ती म्हणायची. "कुणीतरी डोकं वापरून बांधलंय हो घर."

एके दिवशी पणतू आला. ब्रिटिश फौजेत कधीकाळी इथे कुणी मेजर होता, त्याचा हा पणतू. सत्तरीचा, निवृत्त, अंगात बावीस खिशांचं जाकीट. घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता. घरात दुसरं कुणी बोलत नसलं की माणसं इतिहास लिहायला घेतात.

साहेब दारापर्यंत सामोरे गेले. एरवी साहेब खुर्चीतून उठायचे ते थेट पाचला, शिपाई त्यावर घड्याळ लावायचे. "या, या! आपल्या पणजोबांची सगळी माहिती आहे आमच्याकडे. डिंक्या, ती जाडी वही आण."

जाडी वही डिंक्यानंच नऊ वर्षांपूर्वी शिवली होती. तिच्यात काहीतरी चुकलंय असं त्याला वाटलं, पण काय ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

पणतूनं पान उघडलं. वर मेजरचं नाव, खाली रकाने. तो डाव्या हातानं टिपून घेऊ लागला. "आमच्या घराण्यात सगळे डावरे," तो साहेबांना म्हणाला. "थेट आजोबांपासून. मेजरसाहेबांकडून आलेलं असणार."

"असणारच," साहेब म्हणाले. त्यांनी लगेच चहाचा कप डाव्या हातात घेतला.

पणतू वाचू लागला. "रंग तांबूस. उंची पंधरा." कशाचे पंधरा, ते लिहिलं नव्हतं. "दात सर्व शाबूत. आहार : भिजवलेलं धान्य, मिठाचा खडा." त्यानं एका खिशातून रुमाल काढला. "किती साधी राहणी!"

"तपस्वीच म्हणायचे," साहेब म्हणाले.

"पायातले दर महिन्याला नवे, चारही. चारही म्हणजे?"

साहेब अडले नाहीत. साहेब कधीच अडत नसत, त्यासाठी आधी विचार करावा लागतो. "दोन कवायतीचे, दोन घरातले."

"स्वभाव : मागून जवळ जाऊ नये."

"करारी," साहेब म्हणाले.

"मुक्काम : चार नंबर." पणतूनं मान वर केली. "ही खोली अजून आहे?"

पंधरा मिनिटांत सगळी वरात डिंक्याच्या दारात. आई भांडी घासत होती. पणतूनं टोपी काढली, एक कडी धरली, तिला लटकलेली कांद्यांची पिशवी अलगद बाजूला केली आणि डोळे मिटले. "इथे ते तलवार अडकवत असतील."

"कांदे फोडू नका," आई म्हणाली.

तिथल्या तिथे ठरलं. खोलीचं स्मारक करायचं, दारावर संगमरवरी पाटी लावायची, खर्च पणतूचा. साहेबांनी महिन्याभरात खोली खाली करायचा हुकूम काढला. बदली जागा विचारली तर म्हणाले, "अरे, इतिहासापुढे माणसानं थोडं सरकून बसावं."

संध्याकाळी आई ट्रंकेवर बसून होती. "पंचवीस वर्षं झाली मला या भिंतींत. तुझ्या बापानं इथेच डोळे मिटले. आणि तो कोण मेला मेजर, त्यानं चार दिवस तलवार टांगली म्हणून मी उठू?"

"आई, तो इथे राहिलाच नसेल तर?"

"मग सिद्ध कर. एवढं शिकलास कशाला?"

डिंक्या शिकला होता ते शिवणाचे तीन प्रकारचे टाके. पण त्या वहीत काय चुकलं असेल, ते आता त्याला सुचू लागलं होतं. दप्तरखान्याच्या बाइंडिंग खात्यात एकच नियम : मापाला माप. ज्या कागदांची लांबीरुंदी सारखी, ते एका पुठ्ठ्यात. आत काय लिहिलंय हे बघणं बाइंडरचं काम नव्हे. ते बघायला वेगळं खातं होतं, आणि त्या खात्यात जायचा रस्ता त्या पडक्या जिन्यावरून होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं वही उसवली. अर्ध्या तासात सगळं उलगडलं. फौजेच्या अधिकाऱ्यांची वही आणि फौजेच्या घोड्यांची वही, दोन्ही एकाच मापाच्या, त्यानं आपल्या हातानं एकात शिवल्या होत्या. घोड्यांच्या पानावर वर नाव असायचं ते स्वाराचं. तांबूस रंग, पंधरा मुठी उंची, शाबूत दात, सगळा घोड्याचा ऐवज. चार नंबर म्हणजे तबेला.

मेजरचं खरं पान त्याच्या आधीचं होतं. लढाया : निरंक. रजेचे अर्ज : एकोणतीस. तक्रारी : पडदे, डास, शेजाऱ्याचं कुत्रं, पुन्हा पडदे. मुक्काम : क्लब, वरचा मजला. एवढंच त्याचं आयुष्य, आणि तेही दुसऱ्याच्या अक्षरात. डिंक्याला घोड्याविषयी आदर वाटू लागला.

तो आणखी वाचत गेला. घोडेवैद्य तबेल्याच्याच माळ्यावर राहायचा आणि घोड्यांच्या वहीत रोज दोन ओळी लिहायचा. "मेजर रजेवर मायदेशी. परत यायला वीस महिने." दुसऱ्या दिवशी : "मेजरीणबाई घोडा बघायला आल्या." तिसऱ्या दिवशीही आल्या. मग रोजच. एवढं बघण्यासारखं त्या घोड्यात काहीही नव्हतं, त्याची नोंद डिंक्यानं नीट वाचली होती. मध्येच एके ठिकाणी : "घोडा माझ्या डाव्या हाताला चावला. आठ दिवस लिहिता येणार नाही." आणि सोळाव्या महिन्यात : "मेजरीणबाईंना मुलगा. घोड्याची तब्येत उत्तम."

तो मुलगा म्हणजे पणतूचे आजोबा.

डिंक्या दोन्ही वह्या घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. पणतू तिथे पाटीचा मजकूर ठरवत होता.

"साहेब, चूक माझी आहे. मी दोन वह्या एकात शिवल्या. ते वर्णन मेजरसाहेबांचं नाही, त्यांच्या घोड्याचं आहे. चार नंबर हा तबेला. स्मारक करायचं तर क्लबात करा."

"तोंड सांभाळ!" साहेब कडाडले. "पाहुण्यांच्या पणजोबांना घोडा म्हणतोस?"

"मी घोड्याला घोडा म्हणतोय, साहेब."

पणतू उठला. त्यानं मेजरचं पान वाचलं, घोड्याचं वाचलं, आणि मग, कुणी सांगितलं नसताना, पुढची पानं उलटू लागला. बराच वेळ वाचत राहिला. मध्येच त्यानं बोटांवर महिने मोजले. मग एका ओळीपाशी थांबला आणि स्वतःच्या डाव्या हातातल्या पेनाकडे बघत राहिला. पेन हळूच उजव्या हातात घेतलं. ते खाली पडलं.

"हे आणखी कुणी वाचलंय?" त्यानं विचारलं.

"मी," डिंक्या म्हणाला. "आणि आता तुम्ही. साहेब वाचत नाहीत."

"मी फक्त सही करतो," साहेबांनी अभिमानानं सांगितलं.

"मग हे पुन्हा होतं तसं शिवून टाका." पणतूनं टोपी घातली. "आणि खोली मला हवी. आधी हवी होती, आता हवीच."

डिंक्याला हसावं की रडावं कळेना. मेजर तिथे कधीच राहिला नाही, हे सिद्ध करायला तो गेला होता, ते त्यानं चोख केलं. त्या भरात पणतूचा खरा पणजोबा तिथेच राहत होता, हेही सिद्ध करून बसला.

पाटी लागली. "येथे मेजरसाहेब राहत असत. उंची पंधरा. करारी स्वभाव. अखेरपर्यंत दात शाबूत." साहेबांनी नारिंगी फीत कापली, डाव्या हातानं, दोनदा.

आई फाटकाबाहेर ट्रंकेवर बसली. "काय रे, सिद्ध केलंस ना?"

"केलं."

"मग?"

"फारच सिद्ध झालं."

ती कांद्यांची पिशवी टांगायला कडी शोधू लागली. फाटकाला कडी नव्हती.

डिंक्यानं पुठ्ठ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं :

"प्रति, मा. अधीक्षक, दप्तरखाना. विषय : खोली क्रमांक चारचा ताबा. महोदय, सविनय निवेदन की, सदर खोली फौजेच्या घोड्यास राहण्यासाठी देण्यात आली होती. सदर घोड्याच्या पानावरील मृत्यू, बदली व निवृत्ती हे तिन्ही रकाने कोरे असल्याने तो आजही सेवेत असून खोलीचा अधिकृत रहिवासी आहे. त्यास नोटीस न देता खोली खाली करून घेणे नियमास धरून नाही. तरी प्रथम घोड्याचे म्हणणे लेखी घ्यावे, तोपर्यंत माझ्या आईस त्याच्या अवलंबितांत धरून कड्यांसह खोलीत राहू द्यावे, आणि घोडा हजर झाल्यास त्याच्या सहीची एक प्रत अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती."