पिरोश्काची हंडी

हंगेरीतल्या तिसा नदीच्या काठावर पांढऱ्या शेपटीची एक गरुडीण मान टाकून बसलेली वेंदेलला दिसली. जवळ गेला तरी ती उडाली नाही. त्याने तिला कोटात गुंडाळलं आणि बायकोला, पिरोश्काला, सोबत घेऊन गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एक्स-रेत पोटात पांढरे ठिपके दिसले.

"शिसं," एमेशे डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही हरणाची आतडी रानात टाकता ना, त्यात गोळीचे तुकडे असतात. तीच हिने खाल्ली."

संध्याकाळी गरुडीण दगावली.

वेंदेल गावच्या शिकारी मंडळाचा प्रमुख. ती आतडी त्याच्याच माणसांनी टाकलेली, हे त्याला टोचत होतं. पिरोश्काला मात्र वेगळाच घोर लागला. मंडळाच्या जेवणाचा हरणाचा रस्सा तिच्या हातचा, आणि घरी गरोदर सून रेकाही तोच आवडीने खायची. सकाळी फ्रीजरमधला हरणाचा खांदा घेऊन ती दवाखान्यात हजर झाली.

"याचाही फोटो काढ, पोरी."

गोळीभोवतालचं मांस तिने केव्हाच कापून टाकलं होतं. तरी उरलेल्या खांद्यात ठिपके होतेच, बारीक मीठ भुरभुरावं तसे.

रविवारी शिकारी जमले, तर हंडी रिकामी.

"तांब्याच्या गोळीने मारून आणा, शिजवते," पिरोश्का म्हणाली. "शिशाचं मी शिजवणार नाही."

म्हातारे बालिंतकाका उखडले. "आम्ही जन्मभर हेच खाल्लं. काय झालं आम्हाला?"

"ते मी तुमच्या तोंडावर कसं सांगू, काका?"

सगळे हसले, पण हट्टाने स्वतःच शिजवायला बसले. पाप्रिकाची लाल पूड करपली. तो कडू रस्सा वेंदेलनेही गिळला. घरी येऊन म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

"तुझ्या शोभेपेक्षा रेकाच्या ताटात काय पडतं, ते मला बघायचंय."

मग त्याने तांब्याच्या गोळ्या आणल्या, बंदुकीचा नेम नव्याने बसवला. पहिलंच हरीण जागच्या जागी कोसळलं. पिरोश्काने तेही आधी डॉक्टरांकडे नेलं, फोटोत एकही ठिपका दिसला नाही, मगच कांदा चिरायला घेतला.

त्या जेवणाला बालिंतकाकांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. मग हळूच म्हणाले, "वेंदेल, माझ्या जुन्या बंदुकीला चालतील का रे त्या गोळ्या?"

"उद्या या, बघू," वेंदेल म्हणाला.

पलीकडे पिरोश्का रेकाला आग्रहाने वाढत होती. मंडळाचा प्रमुख आपण, पण हे धाडस आपल्याला झालं नसतं, हे त्याला पुरतं कळत होतं. तो उठला आणि तिच्या हातातली जड हंडी त्याने आपल्या हातात घेतली.