झिपरू म्हणजे काय

चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर पालघरच्या शाळेत छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरलं. वाणगावजवळच्या पाड्यावरून नवसी आपल्या सुनेला, ठमीला, घेऊन मुद्दाम आली. नवसीचा नवरा झिपरू रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. काही वर्षांपूर्वी तो गाडीखाली गेला होता.

टेबलांवर वीतभर उंचीची पालघर, बोईसर, वाणगाव स्टेशनं मांडली होती. मधून गाडी पळत होती. निवृत्त गार्ड तात्या कर्णा घेऊन रेल्वेतले खास शब्द कुठून आले ते रंगवून सांगत होते. लोक हसत होते, नवसीही हसली.

"आता ड्यूटीवर डुलकी काढणाऱ्याला आम्ही काय म्हणतो?" तात्या म्हणाले. "झिपरू. वाणगावकडे या नावाचा एक गँगमन होता. पठ्ठ्या रुळावरच झोपला. गाडी आली तरी उठला नाही."

पुन्हा हशा पिकला. नवसीचं अंग तापलं. ठमीने धरलेला हात झटकून ती टेबलापाशी गेली.

"माझा नवरा तो."

तात्यांनी कर्णा खाली घेतला. "बाई, मला ठाऊक नव्हतं. पण झोपला होता हे तर खरं ना?"

"का झोपला ते सांग. पुराने रूळ उखडले तवा मुकादमाने त्याला दोन दिवस, दोन रात्री घरी सोडला नाय. वर हातात बावटा देऊन उभा केला. उभ्या उभ्या कोसळला माणूस. त्याला डुलकी म्हणता तुमी?"

"शब्द मी नाही पाडला. सगळेच म्हणतात."

"आन् सगळ्यांना सांगतो कोण?"

"मावशी, पुढे बसा, गाडी परत दाखवतो," एक मास्तर समजुतीने म्हणाले. तिचा संताप आणखीच चढला.

"गाडी नको मला."

प्रदर्शन बघायला पुढची माणसं आत येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. तात्यांनी घसा खाकरला. "झिपरू नावाचा गँगमन थकून कामावरच गाडीखाली गेला, त्यावरून हा शब्द आला."

"अर्धंच सांगितलंस," नवसी म्हणाली. पण तोवर गाडी सुटली होती आणि सगळी डोकी टेबलावर वाकली होती.

बाहेर आल्यावर ठमी म्हणाली, "चल आये. बोलला तरी तो."

"मुकादमाने काय केलं ते गिळलं त्याने. माझ्या माणसाचं नाव मात्र तोंडपाठ हाय."

प्रदर्शन आणखी एक दिवस होतं. सकाळी शिपायाने शाळेचं दार उघडलं, तेव्हा नवसी पायरीवर बसलेली होती.